गादीवरून जमिनीकडे

इंदूरच्या क्लॉथ मार्केटात वीस वर्षे साड्या दाखविणारे आमचे एक स्नेही परवा सपत्नीक आले. आता घरे व भूखंड विकून देण्याच्या व्यवसायात उतरावे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. वहिनींच्या मुद्रेवर काळजी दिसत होती. दुकानात पगार ठरल्या तारखेस हाती पडतो. येथे सौदा पुरा होईतो दलाली नाही.

आम्ही त्यांस परावृत्त केले नाही. गिऱ्हाइकाने उंबरठा ओलांडताच त्याची आवड आणि ऐपत हेरणारी नजर तेथेही उपयोगी पडेल. परंतु न आवडलेली साडी दुसऱ्या दिवशी बदलून देता येते. भूखंडात एखाद्याची निवृत्तीची सारी पुंजी अडकते. तेव्हा ‘आजच घ्या, उद्या हा भाव नाही’ ही जिभेवरची सवय प्रथम सोडावयास हवी आणि कागद वाचण्याची लावून घ्यावयास हवी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वये नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकून देणाऱ्या एजंटासही स्वतःची नोंदणी करावी लागते. ती नसल्यास दंड दिवसाला १०,००० रुपये! शिवाय विक्रीचा करार नोंदविण्यापूर्वी बांधकाम करणाऱ्यास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. हे गिऱ्हाइकास आपण होऊन सांगावे लागेल, सौदा लांबला तरी.

स्नेही गप्प झाले. वहिनींनी एवढेच विचारले, “दलालीवाचून घर किती महिने चालेल?” हिशेब चार महिन्यांचा निघाला. तूर्त नोंदणीसाठी अर्ज करावा आणि तोवर गादी सोडू नये, असे ठरले.