अ‍ॅम्प्लिफायरला कॉम्प्युटर जोडला, तर डीजेचा आवाज कमी होईल का?

२३ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं भोंग्यांबद्दल एक निकाल दिला. बातम्यांमध्ये त्यातली एकच ओळ गाजली, ती म्हणजे लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. मला मात्र त्याच निकालातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्रकरण मुंबईतल्या मशिदींवरच्या भोंग्यांचं होतं, पण न्यायालयानं सगळ्याच धर्मांच्या स्थळांबद्दल राज्य सरकारला सुचवलं, की डेसिबलची मर्यादा आवाजाच्या यंत्रणेतच आपोआप ठरवून ठेवता येईल अशी सोय करण्याचा विचार करा. पोलिसांनी आवाज मोजायला मोबाईल अ‍ॅप वापरावं, असंही सांगितलं.

म्हणजे प्रश्न आता आपल्या विषयात आला. अ‍ॅम्प्लिफायरला बाहेरून लगाम घालता येतो का? आणि घातला, तर तो गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेला, म्हणजे सातारा-कोल्हापूरकडच्या भाषेत ‘डॉल्बी’ला, लागू पडेल का? (डॉल्बी कंपनीचा या भिंतींशी काही संबंध नाही, नाव तेवढं चिकटलंय.)

आधी समजून घेऊ : ही जोडणी असते कशी?

मोठ्या कार्यक्रमात अ‍ॅम्प्लिफायर स्टेजच्या बाजूला रॅकमध्ये असतात आणि साउंड इंजिनिअर बसलेला असतो पन्नास-साठ मीटर लांब, गर्दीच्या मधोमध. दर वेळी पळत जाऊन बटण फिरवणं शक्य नाही. म्हणून अमेरिकेतल्या क्राउन कंपनीनं १९८० च्या दशकातच ‘आयक्यू’ नावाची यंत्रणा आणली आणि कॉम्प्युटरवरून अ‍ॅम्प्लिफायर चालवायची सोय केली.

आज हे काम बरंच सोपं झालंय. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे आपल्या घरच्या राउटरला असतो तसाच नेटवर्कचा पोर्ट असतो. सगळ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या केबल एका स्विचमध्ये, स्विचमधून एक केबल लॅपटॉपला किंवा वाय-फाय राउटरला. मग कंपनीचं सॉफ्टवेअर उघडायचं. पॉवरसॉफ्टचं ‘आर्मोनिया प्लस’, एल-अकूस्टिक्सचं ‘एलए नेटवर्क मॅनेजर’, डी अँड बीचं ‘आर वन’ ही त्यातली नावाजलेली. स्वस्तातल्या काही अ‍ॅम्प्लिफायरना नेटवर्कऐवजी यूएसबी पोर्ट असतो, त्यावरूनही सेटिंग करता येतं.

स्क्रीनवर प्रत्येक चॅनेलचा आवाज, तापमान, कुठला स्पीकर बंद पडलाय हे सगळं दिसतं. तिथूनच आवाज कमी-जास्त करता येतो, म्यूट करता येतो आणि लिमिटर लावता येतो. लिमिटर म्हणजे ‘याच्या वर जायचं नाही’ अशी रेघ. गाणं कितीही जोरात आलं तरी अ‍ॅम्प्लिफायर त्या रेघेवर थांबतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, साध्या जोडणीत गाणं या नेटवर्कमधून जात नाही, त्याची केबल वेगळी असते. दुसरी, सेटिंग अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच साठवलेलं राहतं. लॅपटॉप काढून घेतला तरी लिमिटर तसाच काम करतो, आणि बऱ्याच यंत्रांत त्याला पासवर्डचं कुलूपही लावता येतं. म्हणजे न्यायालयाला हवी तशी सोय बाजारात आहे, नवीन काही शोधायची गरज नाही.

मग अडतं कुठे?

अ‍ॅम्प्लिफायरला डेसिबल कळत नाहीत, तिथे. त्याला फक्त व्होल्टेज कळतं. आपण किती वीज पुढे ढकलतोय एवढीच त्याला माहिती. समोर मोकळं मैदान आहे की अरुंद गल्ली, पहिल्या मजल्यावर कोणाची आजी झोपलीये की नाही, हे त्याच्या गावीही नसतं. हा लिमिटर मुळात बनवला तोच स्पीकर जळू नये म्हणून. कान वाचवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

देवळावर किंवा मशिदीवर स्पीकर एका जागी पक्का बसवलेला असतो. तिथे एकदा सीमेवर मीटर लावून मोजायचं, त्यानुसार लिमिटर ठरवायचा, पासवर्ड टाकायचा. काम झालं. न्यायालयाची सूचना अशा ठिकाणी उद्यापासून अमलात येऊ शकते.

मिरवणुकीत मात्र स्पीकर ट्रॉलीवर असतो. दर दहा मिनिटांनी रस्ता बदलतो, बिल्डिंग जवळ येतात, आवाज भिंतींवर आपटून परत येतो. चौकात बरोबर असलेलं सेटिंग गल्लीत चुकीचं ठरतं. इथे नुसता लिमिटर पुरत नाही. गर्दीच्या कडेला मोजणीचा माइक हवा, तो लॅपटॉपला जोडलेला हवा आणि आकडा वर गेला की आवाज खाली आणणारा माणूस हवा.

थोडं गणित करू

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लाउडस्पीकर लावलेल्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर यापेक्षा १० डेसिबल जास्त चालतात, पण कुठेही ७५ च्या वर नाही. म्हणजे निवासी भागात दिवसा सीमेवर ६५.

आता समजा, एका स्पीकरला १ वॅट दिला की १ मीटरवर १०० डेसिबल मिळतात. व्यावसायिक स्पीकरसाठी हा आकडा अगदी सामान्य आहे. वीज दहापट केली की १० डेसिबल वाढतात, म्हणून १००० वॅटला १३० डेसिबल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणून ३२ मीटरवर अंदाजे १००. ते ६५ वर आणायचे तर या स्पीकरला किती वॅट द्यावे लागतील?

साधारण ०.३ वॅट. हजाराच्या जागी एक वॅटही नाही!

हा एकाच स्पीकरचा आणि मोकळ्या मैदानाचा हिशोब आहे. भिंतीत असे डझनभर स्पीकर असतात. त्यामुळे ‘लिमिटर लावतो, मग भिंत नियमात बसेल’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नियमात बसवली तर ती भिंत उरणारच नाही. तिच्यासमोर नाचायला कोणी येणार नाही, आणि हे मंडळालाही माहीत असतं, साउंडवाल्यालाही.

छातीत धडधडणारा बेस मीटरला दिसत नाही

आपला नियम ‘डेसिबल-ए’ मध्ये मोजतो. ही पद्धत माणसाचा कान हळू आवाजाला जसा प्रतिसाद देतो त्यावर बेतलेली आहे, म्हणून ती खालच्या सुरांना फार कमी गुण देते. ५० हर्ट्झचा बेस प्रत्यक्षात १०० डेसिबल असला तरी या मापात तो जेमतेम ७० भरतो. खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि मीटर शांत! फ्रान्सनं २०१७ मध्ये नियम करताना ही पळवाट ओळखली. तिथे १५ मिनिटांच्या सरासरीला १०२ डेसिबल-ए ही एक मर्यादा आहे आणि बेस धरणाऱ्या ‘डेसिबल-सी’ मापात ११८ ही दुसरी. आपल्या नियमात अशी दुसरी रेघ नाही.

फोनवरच्या अ‍ॅपचंही असंच आहे. फोनचा माइक बोलणं ऐकायला बनवलाय. बेस तो नीट पकडत नाही आणि फार मोठ्या आवाजात त्याचीच तारांबळ उडते. अंदाज घ्यायला अ‍ॅप ठीक, पण तपासून प्रमाणित केलेल्या मीटरची जागा ते घेऊ शकत नाही.

माझं मत

जागेवर बसवलेल्या भोंग्यांसाठी लिमिटर सक्तीचा करावा, आणि त्याचा पासवर्ड भोंगा वाजवणाऱ्याकडे नसावा. हा सगळ्यात कळीचा मुद्दा आहे. कुलूप आणि किल्ली एकाच खिशात असेल तर कुलपाला अर्थ काय? मिरवणुकीसाठी परवानगी देतानाच मोजणीचा माइक आणि आवाजाची नोंद मागावी. लॅपटॉप ही नोंद मिनिटामिनिटाची ठेवू शकतो. मग दुसऱ्या दिवशी ‘आमचा आवाज कमीच होता’ यावर वाद घालायची वेळ येणार नाही.

तुम्ही मंडळात असाल तर यंदा साउंड ठरवताना भावाबरोबर तीन प्रश्न विचारा. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लिमिटर आहे का आणि तो कोण लावणार? मिरवणुकीत आवाज कोण मोजणार? जोडणीच्या वाय-फायला पासवर्ड आहे का? हा शेवटचा प्रश्न गमतीचा नाही. नेटवर्क उघडं असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरलाही कुलूप नसेल, तर गर्दीतलं कोणीही फोनवरून त्याच्यापर्यंत पोचू शकतं.

आणि नाचणार असाल तर एक आकडा डोक्यात ठेवा. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणारी नायॉश ही संस्था १०० डेसिबल-ए आवाजात दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका असं सांगते. आपली मिरवणूक तासन् तास चालते. मेडिकलमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे थोड्या पैशांत मिळतात. अ‍ॅम्प्लिफायरचा लिमिटर दुसऱ्याच्या हातात असेल, पण हा लिमिटर तुमच्या खिशात मावतो.