गाडी कोणती घ्यायची, आणि शिकवणार कोण?



पाऊस सरला की दर शनिवारी सकाळी ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन या रस्त्यानं मोटरसायकलींच्या रांगा दिवेआगरकडे येऊ लागतात. पुण्याहून हा प्रवास एका बाजूचा दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरचा. पुढे भरडखोल, शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला जाणारा समुद्रकाठचा रस्ता तर या मंडळींच्या खास आवडीचा. अलीकडे या रांगांमध्ये स्वतः गाडी चालवणाऱ्या बायका आणि मुलीही दिसतात. २०११ साली पुण्यात उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकारानं 'बायकरनी' हा फक्त बायकांचा मोटरसायकल गट सुरू झाला, त्यानंतर असे गट ठिकठिकाणी उभे राहिले.

दिवेआगरला या पाहुण्या ज्या घरांतून उतरतात, मोदक-सोलकढीचं जेवण जेवतात, ती घरं प्रामुख्यानं बायकाच चालवतात. १९९७ साली इथल्या वाडीत सोन्याचा गणपती सापडला आणि पर्यटक वाढले. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर धडकलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर संसाराचा भार पाहुण्यांच्या पानावर, म्हणजे बाईच्या चुलीवर आला. पण याच घरांतल्या कित्येक बायकांना पाच-सहा किलोमीटरवरच्या बोर्लीच्या बाजारात जायचं तर नवऱ्याची, मुलाची किंवा दिराची गाडी मोकळी होण्याची वाट पाहावी लागते. मग त्या मागे बसतात, एका अंगानं, मांडीवर पिशवी किंवा मूल घेऊन.

एकीच्या गाडीला आपण 'हौस' म्हणतो आणि दुसरीच्या अडचणीला 'गरज'. चळवळीतही हौसेला जरा कमीच लेखलं जातं. या अंकात आम्ही हे दोन्ही प्रश्न मुद्दाम एकत्र घेतो आहोत, कारण ते एकच आहेत असं आम्हाला वाटतं. आपल्याला कुठे जायचं ते ठरवणं, त्यासाठी आपल्या शरीराला आणि कामाला जुळेल ती गाडी निवडणं आणि ती कुणाच्या मेहरबानीवर न राहता नीट शिकणं, हा बाईचा हक्क आहे. शहरातल्या बाईला यातली निवड मिळू लागली आहे, पण नीट शिकणं अजून पुरतं मिळालेलं नाही. गावातल्या बाईला दोन्ही नाही.

वाहन हे बाईच्या दृष्टीनं किती मोठं आहे, हे चळवळीला नवं नाही. १९९१ नंतर तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर खेड्यापाड्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या. पाणी, बाजार, मुलांची शाळा, अशा कामांची वेळ त्या स्वतः ठरवू लागल्या. आपल्याकडे १९७२ साली पुण्यात किनेटिकची लुना निघाली. १९८४ साली किनेटिक आणि होंडा एकत्र आल्या आणि बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर आली. शिक्षिका, परिचारिका, कारकून बायकांच्या दोन पिढ्यांना या गाड्यांनी घराबाहेरचा दिवस मिळवून दिला. पण याच काळात एक नवी पाटीही लागली. गिअर नसलेली ती 'बायकांची गाडी' आणि गिअरची ती 'पुरुषांची'. पुढे बाईनं मोटरसायकलकडे बोट दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला: "झेपेल का?"

या पाटीचं दुसरं टोक म्हणजे मागची सीट. १९८९ च्या केंद्रीय मोटर वाहन नियमांतला १२३ वा नियम वाचण्यासारखा आहे. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी धरायला कडी हवी, पाय ठेवायला आधार हवा आणि बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकणारी जाळी हवी, असं तो सांगतो. ही जाळी म्हणजे आपण ज्याला 'साडीगार्ड' म्हणतो ते. नियम चांगलाच आहे, त्यानं अनेक जीव वाचले असतील. पण बाई मागेच बसणार, असं व्यवहारात किती गृहीत धरलं गेलं आहे ते त्या जाळीच्या नावावरूनच कळतं.

या गृहीताची किंमत काय? केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं त्या वर्षी गेली, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेली होती. मागे बसणाऱ्यांत बायका किती असतात ते आपण रोज पाहतोच. चालवणाऱ्याला पुढचा खड्डा दिसतो, मागे एका अंगानं बसलेलीला तो गाडी आदळल्यावर कळतो. तिचा एक हात पिशवीत किंवा मुलाभोवती गुंतलेला असतो.

विम्याचंही पाहा. २००६ साली तिलक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, दुचाकीचा केवळ कायद्यापुरता विमा असेल तर मागे बसलेल्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. त्यासाठी सर्वंकष विमा, ज्याला पॅकेज पॉलिसी म्हणतात, तो घ्यावा लागतो. आपण ज्या गाडीवर रोज बसतो तिचा विमा कोणता आहे, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं आहे?

आता 'सुरक्षितता' या शब्दाबद्दल. बाईला हा शब्द लहानपणापासून ऐकवला जातो तो 'जाऊ नकोस' या अर्थानं. रस्ता वाईट आहे, घाट आहे, अंधार पडतो, तेव्हा घरी राहा. त्यामुळे आपल्यापैकी अनेकींना हा शब्दच नकोसा होतो आणि हेल्मेट, परवाना, नियम हे सगळं त्याच बंधनाचा भाग वाटू लागतं. दिल्लीत बायकांना कितीतरी वर्षं हेल्मेटमधून सूट होती. ती २०१४ साली शीख बायकांपुरती राहिली. सूट म्हणजे सवलत असं वाटतं खरं, पण डांबरावर आपटल्यावर डोकं बाईचं की पुरुषाचं हे रस्ता पाहत नाही. गुढीपाडव्याला गिरगावात नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या बायकांची छायाचित्रं दरवर्षी छापून येतात. त्या बायकांचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. पण फेट्यानं डोकं वाचत नाही, आणि बाईचं धाडस हेल्मेटशिवायच शोभून दिसतं असा त्या छायाचित्रांचा अर्थ कुणी लावू नये. सुरक्षितता ही एक विद्या आहे. ती येत असली की 'जाऊ नकोस' म्हणणाऱ्याला आपल्याकडे उत्तर असतं.

मग गाडी कोणती? दूरच्या प्रवासाची हौस असलेल्या मैत्रिणी सध्या 'स्पोर्ट टूरिंग' गाड्यांबद्दल विचारतात. वेगवान पण लांब बसायला सोयीची, वारा अडवायला पुढे काच, सामान बांधायला जागा, असा हा प्रकार. त्याच्या जोडीला खडबडीत रस्त्यासाठी उंच केलेल्या गाड्या आहेत आणि पाय पुढे सोडून बसायच्या बुटक्या गाड्या आहेत. जाहिरात ताकद सांगते. आपण आधी दोन गोष्टी पाहाव्यात, सीटची उंची आणि गाडीचं वजन. भारतीय बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. साडेसहाशे सीसीच्या एका प्रसिद्ध प्रवासी गाडीची सीट सुमारे ८४५ मिलिमीटर उंच आणि वजन दोनशे किलोच्या वर आहे. साडेतीनशे सीसीची बुलेटच्या जातीची गाडीही दोनशे किलोच्या जवळ जाते, गिअर नसलेली साधी स्कूटर मात्र शंभराच्या आसपास. पाय टेकत नसतील तर धावताना फारसं जाणवणार नाही, पण शेखाडीच्या उतारावर समोरून एसटी आली आणि थांबावं लागलं तर तिथे गाडी कलंडेल.

म्हणून दुकानात गाडीवर बसून पाहा. निदान दोन्ही चवडे घट्ट टेकायला हवेत. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलं मागे ढकलून पाहा, आडवी पडली तर उचलता येईल का ते विचारा. उचलताना वाकून हातानं ओढायची नसते. सीटला पाठ लावून, गुडघे वाकवून पायांच्या जोरानं उठवायची असते. दिवेआगरपर्यंतच्या प्रवासाला दीडशे-दोनशे सीसीची गाडी पुरते, मोठ्या गाडीची लाज किंवा मिजास दोन्ही नको. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. ब्रेक करकचून दाबला तरी चाक जागीच अडकून घसरू नये, यासाठी ती सोय आहे. दोन्ही चाकांना असेल तर उत्तम. गावात स्कूटर घेणारीनंही ध्यानात ठेवावं की तिची चाकं दहा-बारा इंचांची असतात, खड्डा त्यांना जास्त लागतो. उतारावर गिअरच्या गाडीला इंजिन रोखून धरतं, तसं स्कूटरला पुरेसं धरत नाही, म्हणून वेग आधीच कमी हवा. आणि गाडी कोणतीही असो, कागद आपल्या नावावर असावा.

खरी अडचण पुढे आहे. शिकवणार कोण? बहुतेक घरांत नवरा किंवा भाऊ दोन संध्याकाळी शिकवतो, आवाज चढवून. "क्लच सोड, क्लच सोड!" एवढंच लक्षात राहतं आणि एकदा पडलं की शिकणं संपतं. समुद्राच्या वाळूवर शिकवण्याची पद्धत तर साफ चुकीची. वाळूत चाक रुततं, ब्रेकचा अंदाज येत नाही, खाऱ्या पाण्यानं गाडी गंजते आणि पुळणीवर मुलं, माणसं, पक्षी असतात. शिकायला शाळेचं मोकळं मैदान किंवा रहदारी नसलेला सपाट रस्ता हवा. क्रमही ठरलेला हवा. आधी गाडी ढकलणं आणि स्टँडवर लावणं, मग क्लचवर अगदी हळू चालवणं, मग थांबणं. गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, चढत्या दाबानं लावायची सवय हवी. वळणावर शिरण्याआधी वेग कमी करायचा आणि नजर खड्ड्यावर नाही, जिथे जायचं तिथे ठेवायची. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि माती मिसळते, सावलीच्या वळणांवर शेवाळ धरतं, तिथे घाई नको. ओढणीची टोकं खोचलेली असावीत. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, वेणी मानेजवळ सैल घालावी. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचंच घ्यावं आणि पट्टा बांधावा, नाहीतर ते डोक्याच्या आधी उडतं.

परवान्याची वाटही सोपी नाही. आपल्या जिल्ह्याचं परिवहन कार्यालय पेणला, दिवेआगरपासून शंभरेक किलोमीटर. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, पक्क्यासाठी तीस दिवसांनी अर्ज करता येतो. रोज बुडवून, कुणाला तरी सोबत घेऊन जायचं म्हणजे बाईचं राहूनच जातं. मग ती परवान्याशिवाय चालवते आणि अपघात झाला की दोष तिच्या एकटीच्या पदरी येतो.

कुणी म्हणेल, एसटी आहे ना? आहे, आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट मिळालं हे चांगलंच झालं. एसटी टिकलीच पाहिजे. पण २०२१ च्या ऑक्टोबरअखेरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत संपामुळे एसटी विस्कळीत झाली, तेव्हा खेड्यातल्या कितीतरी मुलींची शाळा-कॉलेजं अडली. ज्या घरात गाडी होती तिथेही ती आधी मुलाला मिळाली.

म्हणून आमच्या काही सूचना. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो शिलाई मशीनवरच का जावा? यंदाच्या महिला ग्रामसभेत बायकांसाठी पंधरा दिवसांच्या दुचाकी वर्गाची मागणी ठेवा. गावात जिला चांगली गाडी येते तिला मानधन देऊन शिकवायला लावा. परिवहन कार्यालयाचं शिबिर श्रीवर्धन तालुक्यात बायकांसाठी वेगळ्या दिवशी व्हावं, असा ठराव करून पाठवा. बचत गटानं घरटी दोन हेल्मेटं घेण्यासाठी कर्ज द्यावं, एक पुढचीला आणि एक मागचीला.

आणि शहरातून येणाऱ्या मैत्रिणींना विनंती. तुम्ही स्वतः पडत-उठत शिकला आहात. रविवारी परत निघण्याआधी दोन तास शाळेच्या मैदानावर द्या. जिच्या हातचं जेवलात तिला गाडी सुरू करून द्या, बंद पडली तर पुन्हा सुरू करू द्या, आणि आवाज चढवू नका.

ज्या गटांनी असे वर्ग घेतले असतील त्यांनी आपले अनुभव, अडचणी, खर्चाचा हिशेब आम्हाला जरूर लिहून पाठवावा. पुढच्या अंकात तो छापू, म्हणजे इतरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.