गाळलेल्या जागा म्हणजे आपण



मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. रविवारी सकाळी रात्रपाळी सुटली की वस्तीतल्या विहारात सहावी ते आठवीची पोरं गोळा करतो. माझी स्वतःची शाळा नववीत तुटली, बी.एड.वाल्यांची भाषा मला येत नाही. दिसलं ते लिहितो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

मागं एक पोरगं इतिहासाचा पेपर घेऊन आलं. 'गाळलेल्या जागा भरा' मध्ये त्यानं 'चवदार' लिहिलेलं. बरोबरची खूण, एक मार्क. मी विचारलं, 20 मार्च 1927 ला पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर काठ्या कुणी चालवल्या? मागाहून तळं शेणगोमूत्रानं शुद्ध कुणी करून घेतलं? पोरगं गप्प. मग विचारलं, तुझी आजी पाणी कुठून आणायची? तेव्हा जे तोंड उघडलं ते अर्धा तास मिटलं नाही. विहिरीपासून लांब ताटकळणं, वरून पाणी ओतणारी पाटलीण, रिकामी घागर, सगळं. आणि शेवटी विचारतं कसं, "दादा, हाई बी इतिहास शे का?"

आठ वर्षं शाळेत गेलेल्या पोराला आपल्या आजीचं जगणं इतिहास वाटत नाही. हे आपोआप होत नाही, दोस्तहो. हे शिकवलं जातं.

9 सप्टेंबरला नंदुरबारात दरवर्षी भाषणं होतात. 1942 साली त्या दिवशी शिरीषकुमार आणि त्याचे चार साथी गोळ्या खाऊन पडले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा, आपल्या आठवी-नववीतल्या पोराएवढा. त्यांना आपला सलाम, त्यात खोट नाही. पण वर्गात पाच नावं पाठ करून घेतात आणि फळा पुसतात. शहादा तिथून एस.टी.नं तासाभरावर. मे 1971 मध्ये त्या तालुक्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळी चालली. अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना उभं केलं, 1972 ला श्रमिक संघटना झाली, सालदार मजुरीसाठी आणि गेलेल्या जमिनीसाठी लढले, बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. हे मला कुठल्या गुरुजीनं सांगितलं नाही. शेजारच्या साच्यावरच्या भिल्ल जोडीदारानं सांगितलं, तेही चहाच्या सुट्टीत.

म्हणून मी फळ्यावर दोन्ही साली शेजारी-शेजारी लिहितो. 1942. 1971. गोळी कुणी झाडली? कुणासाठी झाडली? पुतळा कुणाचा झाला, कुणाचा नाही? उत्तर मी देत नाही. जीभ खाजते, पण नाही देत. पोरं भांडतात, घरी जाऊन विचारतात, पुढच्या रविवारी पुरावा आणतात. कुणी जुना सातबारा, कुणी आजाच्या सालदारकीच्या हिशेबाची फाटकी वही.

आता आपलं बघू. 14 एप्रिलला आपणही स्पर्धा घेतो. जन्म कुठं? महू. धर्मांतर कुठं? नागपूर. पोरगं धडाधड सांगतं, आपण कंपासपेटी देतो, टाळ्या. साला, ह्यात आणि त्या पेपरात फरक काय? त्याच गाळलेल्या जागा, शाई तेवढी निळी. 31 जुलै 1937 ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या बंगल्यात थांबले. दरवर्षी आपण तिथं गाड्या भरून जातो. ती केस कसली होती, पश्चिम खानदेशातून माणसं कशी आली, किती चालली, कुणाची भाकर खाल्ली, हे किती पोरांना आपण म्हाताऱ्यांकडून काढून आणायला लावलं? बाबासाहेबांनी 1946 साली पुस्तक लिहिलं, 'शूद्र पूर्वी कोण होते?' नावातच प्रश्न. आणि आपण पोरांच्या हातात नुसती उत्तरं देतोय.

1855 साली मुक्ता साळवे मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते, ते 'ज्ञानोदया'त छापून येतं. वय चौदा, शाळा तीन वर्षांची. म्हणजे आपल्या आठवीतल्या पोरीएवढीच. जोतिरावांच्या शाळेत तिला गाळलेली जागा नाही, कोरा कागद मिळाला होता.

काही मित्र म्हणतात, तुझ्या असल्या शिकवण्यानं मार्क जातील, स्कॉलरशिप जाईल. मार्क सोडा असं कोण म्हणतो? पेपरात 'चवदार'च लिहायचं, स्वच्छ अक्षरात लिहायचं. तो मार्क बापाच्या घामाचा आहे. पण मार्क मिळाल्यावर पोरगं मुकं राहत असेल तर उद्या कचेरीत सायबासमोरही ते मुकंच उभं राहणार.

माझाही एक गुन्हा कबूल करतो. दोन वर्षं हा वर्ग मी विहारातच भरवला. भिलाटी दोन गल्ल्यांवर, पण तिथलं एक पोर आलं नाही आणि मीही बोलवायला गेलो नाही. येत्या रविवारी वर्ग भिलाटीत आहे. एक म्हातारे सालदार बोलायला तयार झालेत, अट एकच, फोटो काढायचा नाही. ज्याला यायचं त्यानं नऊला या, त्याआधी माझी आंघोळ होत नाही. पाठ केलेलं भाषण घरी ठेवून या.