बारा जण, एकच पोळपाट

मी कॉन्व्हेंटमधला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

गेल्या सेमिस्टरला मी मेसच्या हिशोबाची पायथॉन स्क्रिप्ट लिहिली. वर्षाच्या साधारण ४ लाख नोंदी, वेळ ५० सेकंद. रूममेट म्हणाला, "थ्रेड टाक रे, रिपोर्टमध्ये वजन पडतं." मी दर महिन्याच्या फाइलला एक, असे १२ थ्रेड टाकले. वेळ झाला ५३ सेकंद!

कारण पायथॉनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरला एकच कुलूप असतं, जीआयएल. किल्ली ज्याच्या हाती, तोच थ्रेड पायथॉनचा कोड चालवणार. पोळ्या लाटायला १२ जण बसवले, पण पोळपाट एकच. नेटवर्कची वाट बघण्याच्या कामात थ्रेड उपयोगी पडतात, नुसत्या आकडेमोडीत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. दोन दिवसांनी एक ज्युनियर पावती घेऊन रूमवर आला. पैसे भरूनही त्याच्या नावावर थकबाकी! बाकी वाचायची, रक्कम मिळवायची, परत लिहायची, या तीन पायऱ्या. दोन थ्रेडनी एकच जुनी बाकी वाचली आणि दुसऱ्याने लिहिताना पहिल्याची जमा पुसली. पुन्हा चालवली की आकडा बरोबर यायचा, म्हणून चूक सापडेना. शेवटी त्या तीन पायऱ्यांभोवती लॉक लावला.

मग सुचलं, वेळ जातो कुठे ते तरी बघू. सीप्रोफाइल चालवलं आणि लाज वाटली. दर नोंदीमागे मी दरपत्रकाची फाइल नव्याने उघडून वाचत होतो. म्हणजे प्रत्येक पोळीसाठी दुकानातून पीठ आणायचं! फाइल सुरुवातीला एकदाच वाचली, थ्रेड काढून टाकले. वेळ ४ सेकंद.

कोणी म्हणेल, २०२५ च्या पायथॉन ३.१४ मध्ये जीआयएल नसलेली आवृत्तीही अधिकृतपणे मिळते. मिळते, पण तिथेही जमा पुसली जाऊ शकतेच, आणि पीठही दुकानातूनच येणार.

म्हणून सरांना नम्र विनंती: व्हायवात "थ्रेड किती?" विचारण्याआधी "मोजलंस का?" हे विचारा. आधी उत्तर बरोबर, मग मोजमाप, मग वेग. त्या ज्युनियरला ४६ सेकंद वाचल्याचं काही नव्हतं. त्याला त्याचे पैसे यादीत दिसायला हवे होते.