रांग सर्वांची, पण आधी नंबर कोणाचा?

‘जो आधी येईल, त्याला आधी मिळेल.’ इंटरनेटवरील नावांच्या, म्हणजे डोमेन नावांच्या नोंदणीचा हा नियम ऐकायला निःपक्षपाती वाटतो. येथे कोणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. मग अन्याय कुठे आहे? अन्याय रांगेत आहे. रांग लागल्याचे आधी कोणाला कळले आणि पुढे कोणाला उभे केले, हा खरा प्रश्न आहे.

‘डॉट इन’ हे आपल्या देशाचे डोमेन. त्याची नोंदणी पूर्वी मुंबईतील एनसीएसटी ही सरकारी संस्था पाहत असे. नियम इतके जाचक, की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली. पुढे धोरण बदलले, काम ‘निक्सी’कडे आले आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी दार सर्वांना उघडले. पण त्याआधी १ ते २१ जानेवारी अशी खास मुदत दिली गेली. कोणाला? भारतात ट्रेडमार्क नोंदलेल्यांना!

नावांची चोरी थांबावी म्हणून ही सवलत, असे सांगितले गेले. ते खोटे नव्हते. ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’विरुद्ध १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण दिले. परंतु हे संरक्षण मागायला गेले कोण? कंपन्या! आमच्या जेऊरच्या तरुण मंडळाकडे, बचत गटाकडे, विहार समितीकडे नाव आहे, नावामागे वर्षानुवर्षांचे काम आहे. ट्रेडमार्क मात्र नाही. त्यांचे नाव नाव नव्हे काय?

शिवाय तेव्हा नाव इंग्रजी अक्षरांतच घ्यावे लागे. देवनागरीतले ‘डॉट भारत’ आले २७ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणजे मराठी माणसाला स्वतःच्या लिपीत नाव मिळायला आणखी नऊ वर्षे लागली.

बांधवांनो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांना खुले झाले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. खुले असणे वेगळे आणि हाती येणे वेगळे.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. यापुढे असे नवे डोमेन खुले होईल तेव्हा ट्रेडमार्कवाल्यांसारखीच आगाऊ मुदत नोंदणीकृत सामाजिक संस्थांना आणि ग्रामपंचायतींनाही मिळाली पाहिजे. वाद लवादापुढे नेण्याची फी त्यांना परवडेल अशी हवी.

तोवर आपणही जागे राहू या. संस्थेचे डोमेन संस्थेच्याच नावावर घ्या, एखाद्या कार्यकर्त्याच्या नावावर नको. तसा ठराव इतिवृत्तात लिहा. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. ‘डॉट इन’च्या वाद निवारण धोरणात ट्रेडमार्कबरोबर ‘नाव’ हाही शब्द आहे. तो आपल्या कामाचा आहे. जुनी पत्रके, पावत्या, अहवाल जपून ठेवा. उद्या नाव आपलेच आहे हे सिद्ध करायला तेच उपयोगी पडतील.

जयभीम!