जुनी स्पोर्ट्स कार, मीठ आणि लोहचुंबक



एप्रिल उजाडला की आपल्या तरुण मुलांना दोन दारांच्या, छप्पर मागे पडणाऱ्या जुन्या गाड्यांचे वेध लागतात. बर्फ वितळलेला असतो, विकणारे गाडी धुऊन-पुसून दारात उभी करतात, आणि आपली पोरं खिशात साठवलेले पैसे घेऊन धावतात. घरातले वडीलधारे "नको रे बाबा" म्हणून मोकळे होतात. पण नको म्हटल्याने आजवर कोण थांबलंय? त्यापेक्षा गाडी कशी तपासावी हे सांगितलेले बरे. आम्ही काही मेकॅनिक नाही, जन्मभर नर्सचे काम केले. पण रोगी तपासायची सवय इथेही उपयोगी पडते. चेहऱ्याला पावडर लावता येते, घोट्यावरची सूज लपवता येत नाही.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो, आणि त्या पाण्यात मीठ असले की तो झपाट्याने वाढतो. ज्यांचं लहानपण अलिबाग-रेवदंड्याकडे गेलं त्यांना हे सांगायला नको. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे झडायचे, सायकलची चेन कशी कुरकुरायची, ते आठवत असेल. इथे आपण समुद्रापासून लांब, पण मीठ स्वतःच्या हाताने रस्त्यावर ओततो. कॅनडात वर्षाला सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडते. आपल्या ओंटारिओतल्या गॉडरिच गावी ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली, सुमारे ५५० मीटर खोल, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. बाळांनो, गंमत अशी की १८६६ साली तिथे लोक जमिनीतले तेल शोधत होते आणि सापडले मीठ!

पुष्कळांना वाटते, उबदार गॅरेजमध्ये ठेवलेली गाडी चांगलीच असणार. नेहमी तसे नसते. खारट बर्फाने माखलेली गाडी उबेत आणून ठेवली की बर्फ वितळून मिठाचे पाणी सांध्यासांध्यांत शिरते, आणि उबेत गंज जोमाने चढतो. बाहेर उणे २० मध्ये उभी असलेली गाडी त्या मानाने बरी. फार कडाक्याच्या थंडीत मीठ कामच करत नाही, म्हणून प्रेअरीकडे रस्त्यांवर वाळूही पुष्कळ टाकतात. म्हणून गाडी आजवर कुठे राहिली, हे आधी विचारावे.

या गाड्यांत आपल्या मुलांची लाडकी म्हणजे माझदाची मियाटा. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी तयार झाली. इंजिन दणकट, पण दुखणे ठरलेले. कापडी टपावर पडलेले पावसाचे पाणी दारांच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली निघून जाते. त्या नळ्यांत पाने-कचरा अडकला की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे रॉकर पॅनेलमध्ये साचते आणि पत्रा आतून कुजू लागतो. मागच्या चाकाच्या पुढे, दाराच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला छोटीशी पुटकुळी दिसली तर "एवढंसं तर आहे" म्हणू नये. ती बाहेर दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. गळू वरून लहान दिसते तसेच हे. १९९९ ते २००५ च्या दुसऱ्या पिढीच्या मियाटात याखेरीज पुढच्या बाजूला, इंजिनाच्या दोन्ही अंगांना असलेले चासीचे दांडे खालून पाहावेत. तिथे पत्र्याचे थर एकावर एक आहेत आणि खारे पाणी मध्येच अडकून राहते.

आणि हे केवळ दिसण्याचे प्रकरण नाही. छप्पर नसलेल्या गाडीचे सगळे बळ त्या खालच्या पट्ट्यांतच असते. त्या कुजल्या तर बाजूने धडक बसल्यावर आतल्या माणसाला वाचवायला उरते काय? ब्रेकच्या लोखंडी नळ्याही अशाच. एरवी ठीक वाटतात, आणि घाईत जोराने ब्रेक दाबला की त्याच वेळी फुटतात. गाडीतून काढून आणलेली तरुण मुले आम्ही इमर्जन्सीत पाहिली आहेत, म्हणून जरा कडक बोलतो.

आमच्या नातवाने दोन उन्हाळे काम करून पैसे जमवले होते. त्याला १९९४ ची एक लाल मियाटा फार आवडली. आम्ही सोबत गेलो. पर्समध्ये टॉर्च आणि रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक. गाडी चकचकीत, विकणारा गृहस्थ गोड बोलणारा. चुंबक दाराला पटकन चिकटले, पण मागच्या चाकाच्या पुढे खालपर्यंत नेले तर घसरून पडले! म्हणजे पत्र्याच्या जागी लांबी भरून वर रंग दिलेला. खाली वाकून पाहिले तर सगळीकडे ताजा काळा थर फासलेला. पंधरा वर्षांच्या जुन्या थरापेक्षा कालच्या नव्या थराची आम्हाला जास्त भीती वाटते. "आमच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून पाहू का?" विचारले तर म्हणाले, "दुसरं गिऱ्हाईक निघालंय, आत्ताच ठरवा." नातवाला म्हटलं, चल घरी. त्याने आठवडाभर आमच्याशी अबोला धरला.

नंतर त्याने घेतली ती गाडी दिसायला अगदी साधी. रंग उडालेला, सीट फाटलेली. पण खाली दरवर्षी मारलेल्या तेलाच्या फवाऱ्याचा चिकट थर होता, पायपुसणी उचलली तर खालचा पत्रा कोरडा, आणि जुन्या मालकाने फवाऱ्याच्या पावत्या जपून ठेवलेल्या. कोकणातल्या शनिवार तेल्यांच्या वंशजांनी तेलावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणी ठेवायचा? वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. टोचल्यावर पोपडे निघतात, स्क्रूड्रायव्हर आत जातो, तो वेगळा. मात्र टोचण्याआधी मालकाला विचारावे, परक्याच्या गाडीला भोके पाडू नयेत. सीट काय, इंजिनसुद्धा काय, दुसरे मिळते. कुजलेला सांगाडा नीट करायचा तर गाडीच्या किमतीहून जास्त वेल्डिंगला जाते.

कागदांचे थोडक्यात. ओंटारिओत खासगी विक्रेत्याने वापरलेल्या गाडीच्या माहितीचे सरकारी पाकीट द्यावे लागते, किंमत २० डॉलर. त्यात आधीचे मालक आणि गाडीवरचे कर्ज कळते, अपघातांचा इतिहास मात्र नाही. सेफ्टी सर्टिफिकेट ३६ दिवस चालते, पण ते त्या दिवशीच्या तपासणीचे असते, हमीपत्र नव्हे. डीलरकडून घेतली तरी सही केल्यावर विचार बदलायला मुदत मिळत नाही. "हिवाळ्यात कधी बाहेर काढली नाही" असे कोणी सांगितले तर हिवाळ्यापुरता विमा कमी केल्याचा कागद मागावा.

"न गंजणारी गाडीच का बनवत नाहीत?" असे नातवाने विचारले होते. बनवली होती की, आणि ती इथेच, कॅनडात! न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनला १९७४-७५ मध्ये ब्रिकलिन एसव्ही-१ नावाची स्पोर्ट्स कार निघाली. अंग फायबरग्लासवर चढवलेल्या अॅक्रिलिकचे, दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी. आत सिगारेट लायटर नाही की अॅशट्रे नाही, कारण गाडी चालवताना धूम्रपान धोक्याचे असे मालकाचे मत. नर्स म्हणून आम्हाला हे फार पटले. सरकारचे कोट्यवधी डॉलर बुडाले आणि तीन हजारांच्या आतच गाड्या बनून १९७५ मध्ये कारखाना बंद पडला. पण आजही कोणी ब्रिकलिन विकत घेताना खाली वाकून पाहतोच, कारण वरचे अंग गंजत नसले तरी आतला सांगाडा पोलादाचाच आहे.

आता बालमित्रांसाठी. गाडीच्या काचेखाली १७ अक्षरे-आकड्यांचा नंबर असतो. त्यातले दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते. १९९० ला एल, १९९१ ला एम, असे इंग्रजी बाराखडीने पुढे जायचे, पण आय, ओ, क्यू, यू आणि झेड ही अक्षरे गाळायची. आजोबांबरोबर पार्किंगमध्ये जाऊन बघा, आणि १९९८ चे अक्षर काढा. डब्ल्यू आले तर बरोबर.