वाऱ्याचे भाडे आणि जमिनीचे मोल

वाचकहो, वारा कोणाच्याही मालकीचा नाही. परंतु ज्या माळावर तो अडविला जातो, तो माळ कोणाच्या तरी मालकीचा असतो. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीचे पठार किंवा धुळे जिल्ह्यातील साक्रीचा मुलूख पाहा. ज्या खडकाळ जमिनीकडे काल कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिच्या बांधावर आज पवनचक्कीचा दलाल करारपत्र घेऊन उभा राहतो. त्याचा पहिला शब्द असा की, 'तुमच्या जमिनीचा भाव वाढेल.' हा शब्द कितपत खरा आहे, याचा विचार अंगठा उठविण्यापूर्वीच केला पाहिजे.

जमिनीचे मोल दोन गोष्टींवर ठरते. तिच्यापासून दरसाल काय मिळते, ही एक. आणि धन्याला ती आपल्या इच्छेने वापरता, विकता किंवा गहाण ठेवता येते की नाही, ही दुसरी. भाडेपट्टा पहिली गोष्ट वाढवितो आणि दुसरी घटवितो. पाया, यारी उभी करण्याची जागा व रस्ता एवढी जमीन अडते, बाकीच्या रानात पीक घेता येते, हे खरे आहे. परंतु नोंदलेला पट्टा सातबाराच्या 'इतर अधिकार' रकान्यात चढला की पुढचा खरेदीदार जमिनीबरोबर ते बंधनही विकत घेतो. शिवाय केंद्र सरकारच्या 2016 सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पवनचक्की व राहते घर यांत किमान 500 मीटर अंतर असावे लागते. यावरून समजावे की, चक्कीशेजारचे रान घरासाठी विकू पाहणाऱ्यास गिऱ्हाईक सहजासहजी मिळणार नाही.

आता भाड्याचा हिशेब करू. पट्टा बहुधा पंचवीस वर्षांहून कमी नसतो. महागाई दरसाल पाच टक्के धरली, तर आज ठरलेल्या शंभर रुपयांची किंमत पंचविसाव्या वर्षी सुमारे तीस रुपये उरते. म्हणजे न वाढणारे भाडे हे दरसाल घटणारे भाडे होय! सौर कृषी वाहिनी योजनेत महाराष्ट्र शासनाने 2023 साली हेक्टरी वार्षिक 1,25,000 रुपये भाडे व दरसाल 3 टक्के वाढ मान्य केली. जे शासनाला देता येते, ते कंपनीला का देता येऊ नये?

आपल्या समाजापुढे तर याहून बिकट प्रश्न आहे. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या, अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्यांचे हस्तांतर होत नाही. अशा सातबारावर अनेक वारसांची नावे असतात. त्यांतील एकाला गाठून मुखत्यारपत्र लिहून घेतले, की बाकीच्यांनी दाद कोणाकडे मागावी? आणि जो गायरान कसतो पण ज्याचे नाव कागदावर नाही, त्याच्या वाट्याला भाडे तर नाहीच, उलट रान सोडण्याची नोटीस येते. भाव वाढतो तो कागदाचा, घामाचा नव्हे.

म्हणून, बांधवांनो, पवनचक्कीला विरोध करा असे आमचे सांगणे नाही. वीज देशाला हवी आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस न पाहता मिळणारे उत्पन्नही हवे आहे. परंतु अटी लिहून घ्या. भाडे दरसाल वाढले पाहिजे. पट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदला पाहिजे. पट्ट्याचा हक्क दुसऱ्याला देण्यापूर्वी किंवा बँकेकडे गहाण टाकण्यापूर्वी धन्याची लेखी संमती घेतली पाहिजे. मुदत संपताच यंत्र, खांब व काँक्रीटचा पाया काढून रान पूर्ववत करण्याचा खर्च आधीच अनामत ठेवला पाहिजे. नाहीतर कंपनी जाईल आणि दगड मात्र आपल्या नातवाच्या वाट्याला येईल. सर्व वारसांच्या सह्या आणि परवानगी हाती आल्यावाचून पहिला खड्डा खणू देऊ नका.

एकेकट्याने केलेला सौदा दलालाच्या फायद्याचा ठरतो. पठारावरच्या सर्व खातेदारांनी एकत्र बसून, वकिलास करार दाखवून, एकच भाव सांगावा. पिढ्यान्‌पिढ्या वेठीच्या मोबदल्यात मिळालेली ही जमीन आहे. ती पंचवीस वर्षांसाठी दुसऱ्याच्या हाती देताना पंचवीस दिवस विचार केला, तर तो उशीर मुळीच नव्हे.